नको, तूच घे

रविवार, ९ मार्च. संध्याकाळी, घोड्यांचं चारापाणी आटोपल्यावर.

आजपासून रोजनिशी. उद्देश एकच, नम्रतेत आपली प्रगती किती होते ते पाहणे. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. देव वाचेल, पण त्याला माझ्याविषयी आधीच सगळं ठाऊक आहे आणि त्याचं मत चांगलंच असावं.

आमच्यात चर्चची इमारत नसते, प्रार्थना एका रविवाराआड पाळीपाळीने घरोघरी होते; आजची ट्रॉयरांच्या कोठारात झाली. म्हाताऱ्या जोनासकाकांचा आवाज अखेर गेला. इतकी वर्षं दुसरं गीत तेच उचलत. दुसरं गीत म्हणजे स्तुतीचं. ते दर प्रार्थनेला तेच असतं आणि सगळ्यात संथ असतं. पहिला स्वर एकट्याने काढायचा. सगळे गप्प. मग सगळी मंडळी त्या एका स्वरावर येऊन मिळते. जोनासकाकांच्या आधी माझे वडील हे गीत उचलायचे तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. आवाज मला त्यांचाच मिळाला आहे. हे मी गर्वाने म्हणत नाही, वारसा म्हणून नोंदवतो.

तर जोनासकाकांनी नकारार्थी मान हलवली आणि बाकावर इतर गीतांना होतो तो नेहमीचा प्रकार सुरू झाला. आमच्यात कोणी आपण होऊन गीत उचलत नाही. शेजाऱ्याला कोपर लावायचं, 'तू घे' म्हणायचं. त्याने 'नको, तूच घे' म्हणायचं. मग पहिल्याने पुन्हा आग्रह करायचा. शेवटी ज्याच्या गळ्यात पडेल त्याने नाइलाजाने गायचं, आणि तो नाइलाज चारचौघांना दिसला पाहिजे. मेहलनने मला कोपर लावलं. मी रीतीप्रमाणे 'नको, तूच घे' म्हटलं. आणि मेहलनने घेतलं. लगेच. पुन्हा विचारणं नाही, काही नाही.

मेहलन रेबर माझा साडू. माझ्या बायकोची, लोव्हिनाची, थोरली बहीण एडना त्याला दिलेली. त्याचा आवाज तेलपाणी न केलेल्या बग्गीच्या चाकासारखा आहे. जेवताना तिघं-चौघं म्हणाले, किती साधेपणाने गायला. बेसूर गाण्याला हल्ली साधेपणा म्हणतात.

मंगळवार, ११ मार्च

माझ्या खोगीर-साजाच्या दुकानात कोणी नव्हतं. एका खोगिराला टाके घालता घालता स्तुतीचं गीत उचलून पाहिलं. सुंदर. बाहेर बांधलेला गिऱ्हाइकाचा घोडा कान टवकारून ऐकत होता. लोव्हिना कॉफी घेऊन आली आणि म्हणाली, चांगलं गातोस, मग रविवारी का नाही घेतलंस. मी तिला समजावलं की नम्र माणूस पहिल्या हाकेला उठत नाही. मेजवानीला गेलं की शेवटच्या जागी बसावं, म्हणजे यजमान स्वतः हात धरून वर नेऊन बसवतो. ती म्हणाली, यजमानाचं लक्ष नसलं तर? बायकांना अध्यात्मातलं मर्म कळत नाही.

रविवार, २३ मार्च

आजची योजना: तीनदा नको म्हणायचं, चौथ्यांदा डोळे मिटून गायचं. मेहलनचा तो उतावळेपणा आपोआप उघडा पडेल.

मेहलनने कोपर लावलं. मी म्हटलं, नको. त्याने माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि गायला लागला. उरलेले दोन नको मनातच राहिले.

जेवणाच्या वेळी मी मुद्दाम शेवटच्या पंगतीला थांबलो. म्हाताऱ्यांना पुढे केलं, तरुणांनाही पुढे केलं. माझी पाळी आली तेव्हा ब्रेड आणि बिटाचं लोणचं उरलं होतं. पीनट बटरचं भांडं खरवडलेलं. सफरचंदाच्या पाईचा चुरासुद्धा नाही. तरी समाधान होतं की आपण सगळ्यांत शेवटी. तेवढ्यात मेहलन आला. तो पाहुण्यांच्या घोड्यांना पाणी दाखवत होता म्हणे. त्याला तर लोणचंही मिळालं नाही. एडनाची सासू हळहळली. माझ्यासाठी कोणी हळहळलं नव्हतं.

शनिवार, ५ एप्रिल

या जगातल्या गोष्टींत मला काडीचाही रस राहिलेला नाही. आपण इथे चार दिवसांचे पाहुणे.

मेहलनने नवा घोडा घेतला आहे. तांबूस, ऐटबाज मान. साज मात्र माझ्याकडून नेला नाही, जुनाच चढवला. म्हणतो, अजून चालतोय. याला म्हणतात मिरवणं.

रविवार, ४ मे

आज वसंतातला प्रभुभोजनाचा दिवस आणि पाय धुण्याचा विधी. या दिवशी बाकावर जो शेजारी येईल त्याचे पाय धुवायचे, निवड करायची नाही. मेहलन शेजारी येऊ नये म्हणून मी दोनदा जागा बदलली. तोही कोणाला तरी जागा द्यायला सरकला आणि नेमका माझ्या शेजारी आला.

मी सकाळी घरीच साबणाने, घासून, पाय धुऊन गेलो होतो. दुसऱ्या भावाला त्रास नको, हा हेतू. मेहलनने माझे पाय पाण्यात घेतले, पाणी तसंच स्वच्छ राहिलं. मग मी त्याचे धुतले. त्याच्या गोठ्यात पहाटे गाय अडली होती, तो तसाच निघून आला होता. घमेल्यातलं पाणी काळं झालं. म्हणजे विधीचं खरं काम आज फक्त मी केलं. वाकलोही त्याच्यापेक्षा खाली, पाठ अजून दुखते आहे.

बाहेर आल्यावर सगळे मेहलनभोवती. वासरू जगलं का, गाय कशी आहे, रात्रभर जागा होतास का. माझ्या पाठीची चौकशी एकट्या लोव्हिनाने केली, आणि तीही हसत.

गुरुवार, २२ मे

नवी हॅट करून घेतली. कड नेहमीपेक्षा बोटभर रुंद. जितकी रुंद कड तितका माणूस जुन्या वळणाचा, हे इथे कोणीही सांगेल.

सोमवार, २ जून

मंडळीचे नियम सांभाळणारा डीकन येऊन गेला. कॉफी प्यायला, हवापाण्याचं बोलला, मग हॅटवर आला. मंडळीच्या नियमात कडेचं माप ठरलेलं आहे आणि माझी त्यापेक्षा मोठी आहे. मी म्हटलं, मी तर अधिक नम्र व्हायला गेलो होतो. तो म्हणाला, नम्रतेलाही माप असतं, अ‍ॅटली.

कड कापली. जरा वाकडी कापली गेली.

मेहलनच्या हॅटची कड वासराने चघळली आहे. ती चालते. उलट ती पाहून बिशप रोमन त्याच्या पाठीवर थाप मारतो.

रविवार, २९ जून

आनंदाचा दिवस. सावकाश लिहितो.

स्तुतीच्या गीताला मेहलनने विचारलं, मी नको म्हटलं, तो गायला, हे नेहमीचंच. पण मग प्रवचनात बिशप रोमन गर्वावर बोलत होता तो थांबला आणि म्हणाला की आपल्यात एक भाऊ आहे. देवाने त्याला चांगला आवाज दिला आहे, पण त्याने कधी स्वतःला पुढे केलं नाही. दर वेळी दुसऱ्याला जागा दिली. स्वर्गाची आशा धरणाऱ्याने असं असावं. नाव घेतलं नाही, घेतही नाहीत. सगळ्यांनी नजर जमिनीकडे वळवली. मी सगळ्यांत खाली पाहिलं.

जेवणानंतर मेहलन माझा हात हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, रोमन खरं बोलला, मला तुझ्याकडून शिकायला हवं. त्याचे डोळे भरले होते. रडण्यातही हा माणूस मला मागे टाकतो.

लोव्हिनाला विचारलं, प्रवचन कसं वाटलं. ती म्हणाली, आता झाली का पंचाईत. काय पंचाईत ते विचारलं तर भांडी घासायला गेली.

शुक्रवार, ११ जुलै

नाव तर झालं. आता गायला हरकत नाही. एकदाच नको म्हणायचं, आणि तेही कमकुवत. दुकानात सराव केला. 'नको... तसं काही...' लोव्हिना दारातून म्हणाली, कुठे दुखतंय का?

रविवार, १३ जुलै

मेहलनने कोपर लावलं. मी म्हटलं, 'नको... म्हणजे तसं काही...' एवढ्यात मागच्या बाकावरून जोनासकाका पुढे झुकले आणि हळूच मेहलनला म्हणाले, त्याला कशाला अवघडवतोस, रोमन काय बोलला ते ऐकलंस ना. मेहलन ओशाळला. त्याने गीत घेतलं.

जोनासकाकांचा गाण्याचा आवाज गेला, कुजबुजण्याचा शाबूत आहे.

रविवार, २७ जुलै

आज स्तुतीच्या गीताआधी चांगला घसा खाकरला. पुन्हा खाकरला. गळा तयार आहे हे कळावं म्हणून. मेहलनने काळजीने पाहिलं, 'तू घे'सुद्धा फार हळू म्हटलं, आणि मी शब्द जुळवेपर्यंत स्वतःच उचललं.

संध्याकाळी एडना मधाची बाटली देऊन गेली. मेहलनने पाठवली, माझ्या घशासाठी. चाखला. उत्तम मध. याच्या माश्यासुद्धा माझ्या माश्यांपेक्षा सरस.

रविवार, १० ऑगस्ट

मेहलन आणि एडना इंडियानाला नातेवाइकांकडे. म्हणजे आज मैदान मोकळं. ठरवलं होतं, कोणीही विचारलं की सरळ हो.

कोणी विचारलं नाही. गीत आयव्हन हर्शबर्गरने घेतलं. कारण उघड आहे. मेहलन नसला तरी त्याचं सावट बाकावर असतंच. तो आहे तोवर माझं काही व्हायचं नाही. हे मत्सराने लिहीत नाही. मत्सर मी मार्चमध्येच सोडला.

रविवार, २४ ऑगस्ट

मोठी बातमी. मंडळीत कुटुंबं फार झाली, एका घरात मावत नाहीत, म्हणून आता दोन मंडळ्या होणार. हद्द ओढा. ओढ्याच्या अलीकडचे एक, पलीकडचे दुसरे. दोन्हींची प्रार्थना आळीपाळीच्या रविवारी.

मेहलन पलीकडे.

लोव्हिना घरी आल्यावर रडली. एडनाशेजारी बसून प्रार्थना करायची तिला लहानपणापासून सवय. मी तिला धीर दिला. म्हटलं, या जगातल्या भेटी अशाच तुटायच्या, आपली खरी गाठ वरच पडणार. बोलताना माझा आवाज फार गोड लागत होता. ती म्हणाली, एवढा खूश का आहेस?

शनिवार, ६ सप्टेंबर

उद्या नव्या मंडळीची पहिली प्रार्थना. हॅट झटकून ठेवली. पाई करायला सांगितली. रात्री गरम पाणी पिऊन झोपणार. वडिलांची आठवण येते आहे. ते गाताना डावा हात गुडघ्यावर ठेवायचे आणि अंगठा किंचित हलायचा. बाकी काहीच हलायचं नाही. मी त्यांच्या शेजारी बसायचो. उद्या तसंच बसणार.

रविवार, ७ सप्टेंबर

पहिलं गीत संपलं. दुसऱ्याची वेळ झाली. माझ्या डावीकडे व्हर्नन, उजवीकडे आयव्हन. दोघंही मला ओळखतात. मी हात गुडघ्यावर ठेवला.

व्हर्ननचं कोपर माझ्या पाठीमागून गेलं आणि आयव्हनला लागलं. आयव्हन म्हणाला, नको, तूच घे. व्हर्नन म्हणाला, नाही, तू. हे सगळं माझ्या मानेमागे. मी जरा मागे रेललो, म्हणजे निदान कोपर मला लागेल. लागलं. व्हर्ननने माफी मागितली. मग त्यानेच गीत घेतलं. मधल्या ओळीत चुकला, आयव्हनने सावरून घेतलं.

जेवताना व्हर्नन मला म्हणाला की तुला मध्ये घालून अवघडवायला नको, म्हणून मागून विचारलं. सगळ्यांनी तसं ठरवलंच आहे. किती समजूतदार लोक.

बुधवार, १० सप्टेंबर

तीन दिवस विचार केला. यामागे कोण असावं? मेहलन पलीकडे गेला तरी परिस्थिती तीच, म्हणजे त्याने जाण्याआधी काही पेरून ठेवलं असणार. लोव्हिनाला तसं सांगितलं. ती अंगणात घेवड्याच्या शेंगा सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "अरे, तुला एवढे दिवस विचारत कोण होतं? एक मेहलनच ना? दर रविवारी पहिलं कोपर तुलाच. बाकी कोणी एकदा तरी विचारलं?"

मी तिच्या टोपलीतल्या शेंगा सोलायला घेतल्या. बायकोच्या कामाला हात लावणं हाही नम्रतेचाच प्रकार आहे.

मग ती म्हणाली की पलीकडच्यांची प्रार्थना येत्या रविवारी आहे, आपल्याला सुट्टी, जाऊ या. तिला एडनाला भेटायचं होतं. मी आधी नको म्हटलं. पुढच्याच क्षणी हो म्हटलं, तेव्हा तिने शेंगांतून डोळे वर केले.

शनिवार, १३ सप्टेंबर

उद्याची योजना, आणि ही शेवटची. मेहलनने कोपर लावलं की एकच शब्द बोलायचा. घेतो. 'बरं, तू म्हणतोस तर' नाही, 'पाहू' नाही. घेतो. लोकांना काय वाटायचं ते वाटो. रोमनलाही वाटो.

रविवार, १४ सप्टेंबर

ओढ्याच्या पुलापर्यंत 'घेतो' म्हणत गेलो. लोव्हिना शेजारी बसून ऐकत होती. आज ती हसली नाही. पुलावर म्हणाली, जरा मोठ्याने म्हण, घोड्याच्या टापांत ऐकू येत नाही.

मेहलन दारातच होता. माझा घोडा सोडायला स्वतः पुढे आला. तीच चघळलेली हॅट. लगाम हातात घेऊन, घोड्याच्या मानेकडे बघत म्हणाला, "अ‍ॅटली, तुझी माफी मागायची राहिली आहे. दर वेळी तुला कोपर लावून मी कानकोंडं केलं. तुला नको असायचं, आणि मी आपला विचारतच राहिलो. खरं सांगू, मला तुझ्या तोंडून ते गीत ऐकायचं असायचं. तुझ्या वडिलांसारखं उचलशील असं वाटायचं. पण तो माझा हट्ट झाला. आता नाही विचारणार."

एक शब्द बोलायचा होता. कालपासून घोटलेला. पुलापर्यंत म्हणत आणलेला. तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "अरे, त्यात काय एवढं. बरं झालं सांगितलंस."

मेहलनला हायसं वाटलं. त्याने माझा हात दाबला. माफी मागायची तर मीही मागू शकलो असतो, पण त्याने आधी मागितली. तिथेही तोच पहिला.

पाहुणा म्हणून मला त्याच्या शेजारीच बसवलं. पहिलं गीत झालं. कोपरं फिरू लागली. मेहलनकडे आलं, त्याने एकदा नको म्हटलं आणि माझ्याकडे न बघता, अगदी काळजीपूर्वक न बघता, गीत उचललं. मी बाकीच्यांबरोबर दुसऱ्या स्वराला मिळालो. त्याचा आवाज होता तसाच, फाटका. पण तो गात असताना मला पहिल्यांदाच तो ऐकावासा वाटला, कारण तो संपेपर्यंत मला काही करायचं नव्हतं.

परत येताना लोव्हिनाने विचारलं, विचारलं का त्याने? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, तू तरी त्याला सांगायचंस, मला गायचंय म्हणून. मी म्हटलं, असं कुठे कोणी सांगतं का.

मला गायचं होतं. फार गायचं होतं. इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही.

आता उरला स्वर्ग. तिथे दुसरं काम नाही, गाणंच गाणं. कोणी 'तू घे' म्हणालं की पहिल्याच हाकेला उठायचं, हे पक्कं केलं आहे. फक्त अडचण एवढीच की तिथेही मला विचारणार कोण? जोनासकाका विचारणार नाहीत, व्हर्ननचं कोपर तिथेही पाठीमागूनच जाणार. विचारलं तर एकटा साडूच विचारेल. म्हणून मेहलन माझ्या आधी तिथे पोचावा, अशी आज मनापासून प्रार्थना केली.